जीपची बॉडी उतरवताना

अमेरिकेच्या विलीज कंपनीने १९५३ साली बाजारात आणलेली सीजे-३बी जीप पुढे महिंद्रांनी आपल्याकडे अनेक वर्षे बनविली. तशी एखादी जीप अजून कुणाच्या गोठ्याशेजारी उभी असते. तिची पत्र्याची बॉडी आणि खालची चासी या दोन निराळ्या वस्तू, बोल्टांनी जोडलेल्या. चिखल साचतो तो नेमका या सांध्यात. वरून रंग चकचकीत, आणि आत चासी कुजत असते! म्हणून बॉडी उचलून पाहावी लागते.

आधी बॅटरी सोडवा, मग पेट्रोलची टाकी काढा. ती चालकाच्या आसनाखाली, बॉडीतच बसविलेली असते. टाकी रिकामी केली म्हणजे धोका टळला असे नव्हे. आत उरलेली वाफच भडकते. विडी ओढणाऱ्याला अंगणाबाहेर घालवा, मग तो सासरा का असेना.

बॉनेट, मडगार्डे, पुढची काच उतरली, की स्टिअरिंगचा आणि गिअरचे दांडे मोकळे करावेत. तारांना चिठ्ठ्या बांधाव्यात. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच पातळ तेल सोडावे. तळ कुजला असेल तर दोन्ही दारांच्या मोकळ्या जागेत लोखंडी पट्टी आडवी जखडावी, नाहीतर बॉडी मधोमध वाकते.

उचलायला सहा माणसे बरी. हुकूम मात्र एकाचाच. चार बोटे उचलून थांबा. विसरलेली तार किंवा बोल्ट तेव्हाच सापडतो. अधांतरी बॉडीखाली कुणी डोके घालू नये. आणि चासी घासताना तिच्यावरचा नंबर तेवढा जपा, नोंदणीच्या कागदाशी तोच ताडून पाहतात.