छिद्रांकित पियानोपट व सातारचा श्रुतिविचार

हस्तलिखित हातीं आलें कीं मूळ प्रत कोणती व नक्कल कोणती, हें आपण प्रथम पाहतों. स्वयंवादी पियानोच्या छिद्रांकित कागदी गुंडाळीलाही हीच कसोटी लाविली पाहिजे, असें आम्हांस वाटतें. वादन लिहून घेणाऱ्या यंत्राची कल्पना जुनी आहे. क्रीड यांची योजना लंडनच्या रॉयल सोसायटीनें १७४७ सालीं प्रसिद्ध केली.

हौशी कारागीर घरीं असा लेखक-पियानो बांधतात, तेव्हां प्रत्येक पट्टीखालीं विजेचा स्पर्शक बसवितात. पट्टी दाबली कीं तिच्या वांट्याचा टांक सरकत्या कागदावर टेंकतो, सोडली कीं उचलला जातो. रेघेची लांबी म्हणजे स्वराचा काल. मग रेघांवरून छिद्रें पाडतात. कागद सव्वाअकरा इंच रुंद, स्वर ८८ व इंचास नऊ छिद्रें, हें मान १९०८ सालीं बफेलो येथें ठरलें. वाजवितांना छिद्रांतून हवा आंत शिरते, झडप उघडून लहान भाता मिटतो व हातोडी तारेवर पडते.

फसगत होते ती गतीची. कागद गुंडाळला जाईल तसा रूळ जाड होतो व कागद अधिकाधिक वेगानें ओढला जातो. लेखन समगतीनें आणि वादन अशा रुळावर, असें झाल्यास शेवटाकडे लय चढते. दोष मात्र वादकाच्या माथीं!

मूळ प्रत म्हणावयाची ती रेघांच्या कागदास. छिद्रें पाडणारा चुकलेले स्वर सुधारतो, लय सारखी करतो, प्रसंगीं दोन हातांस न पेलणारे स्वरही भरतो. तेव्हां वेष्टणावरील नांव हा पुरावा अपुरा होय. शिवाय साध्या गुंडाळींत आघाताचा जोर उतरत नाहीं.

आपल्या प्रांतीं हा प्रश्न निराळ्या वाटेनें आला. कडेगांव सातारा जिल्ह्यांत मोडत असतांना, १९१० सालीं, सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं बावीस श्रुतींवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. अब्दुल करीम खाँ यांच्या गायनांतील स्वर त्यांनीं तारेच्या लांबीवरून मापिले. क्लेमेंट्स साहेबांच्या साह्यानें श्रुति-हार्मोनियमही सिद्ध झाली. १९१६ च्या बडोदें परिषदेंत तिजवर आक्षेप निघाले. पियानोपट देवलांच्या उपयोगी पडता ना. कोणती पट्टी व किती वेळ, एवढेंच तो सांगतो. दोन पट्ट्यांमधील मींड त्याला लिहितां येत नाहीं, आणि देवलांचा शोध तर तेथेंच होता.