खुर्च्या भरल्या, पण चिटणीस कोण होणार?

रविवारची सकाळ. पुण्यातील मागासवर्गीय कर्मचारी-अधिकाऱ्यांच्या एका संघटनेच्या शहर शाखेची वार्षिक सर्वसाधारण सभा होती. निमंत्रण होते म्हणून आम्हीही गेलो. महात्मा फुले आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना हार घातले गेले, त्रिशरण-पंचशील झाले, दोन जोरदार भाषणे झाली. सभागृह भरलेले होते. मग विषयपत्रिकेवरचा शेवटचा विषय आला, नवीन कार्यकारिणीची निवड. अध्यक्षांनी विचारले, "चिटणीसपदासाठी कोण तयार आहे?" आणि आतापर्यंत टाळ्या वाजवणारे हात एकदम खाली गेले. एका साहेबांना पिंपरीहून येणे जमत नव्हते. दुसऱ्यांच्या मुलीची बारावी होती. तिसरे हळूच म्हणाले, "नाव पुढे आले की वरिष्ठांच्या डोळ्यांवर येतो." अखेर अकरा वर्षे चिटणीस असलेल्या आणि निवृत्तीला टेकलेल्या गृहस्थांच्याच गळ्यात पुन्हा माळ पडली. इतिवृत्तात लिहिले गेले, "सर्वानुमते फेरनिवड."

हे सर्वानुमत नव्हते, ही सर्वांनी मिळून केलेली पळवाट होती. ही कथा एका शाखेची असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. अभियंते, शिक्षक, प्राध्यापक, डॉक्टर, बँक कर्मचारी, वकील यांच्या आपल्या बहुतेक संघटनांत आज हेच चित्र दिसते. जयंतीला वर्गणी देणारे भरपूर, व्याख्यानाला येणारे पुष्कळ, पण वर्षभर पदरमोड करून, कागद सांभाळून संघटना चालवणारे मोजके चार. या चारांतला एक बदलून गेला, एक आजारी पडला की शाखेला कुलूप लागते.

कोणी म्हणेल, पदाधिकारी नसले म्हणून काय बिघडले? काय बिघडते ते पाहा. पदोन्नतीतील आरक्षणाचा प्रश्न घ्या. एम. नागराज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले की, पदोन्नतीत आरक्षण द्यायचे तर अपुऱ्या प्रतिनिधित्वाची आकडेवारी राज्याने दाखवावी. महाराष्ट्राचा २५ मे २००४ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द केला. ७ मे २०२१ रोजी राज्य शासनाने पदोन्नतीच्या कोट्यातील आरक्षित ३३ टक्के जागाही सेवाज्येष्ठतेने भरण्याचा निर्णय काढला. पुढे २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जर्नैल सिंग प्रकरणात स्पष्ट केले की, ही आकडेवारी संवर्गनिहाय हवी. म्हणजे कोणत्या कार्यालयात, कोणत्या संवर्गात आपली किती माणसे आहेत, बिंदुनामावलीत कोणता बिंदू रिकामा ठेवला गेला, अनुशेष किती वर्षांचा आहे, हे कागदावर आणावे लागणार. आकडेवारी गोळा करणे हे शासनाचे काम, हे खरेच. पण शासनाने मांडलेला आकडा खरा की खोटा, हे पडताळणार कोण? दिल्लीतला नेता पडताळणार नाही. ते काम त्या त्या कार्यालयातील शाखेच्या चिटणीसाचे आहे. माहिती अधिकाराचा अर्ज टाकणारा, बिंदुनामावली वाचता येणारा, तारीख लक्षात ठेवून पाठपुरावा करणारा माणूस शाखेत नसेल, तर मोर्चात कितीही घोषणा दिल्या तरी फाईल हलत नाही.

आणि हे पुण्याच्या बाबतीत घडावे, याचे आम्हाला अधिक वाईट वाटते. कारण स्वतःची नोकरी सांभाळून समाजाची संस्था चालवायची, ही रीत याच शहराने घालून दिली. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांनी येथेच सत्यशोधक समाज स्थापन केला. सुरुवातीला ते स्वतः अध्यक्ष होते, पण पुढे डॉ. विश्राम रामजी घोले यांनी अध्यक्षपद सांभाळले. संस्थापक हयात आहे, कर्ता आहे, तरीही खुर्ची दुसऱ्याकडे जाते. दीडशे वर्षांपूर्वी जे जमले, ते आमच्या आजच्या आजीव अध्यक्षांना का जमू नये?

शिवराम जानबा कांबळे यांचे नाव किती तरुणांना माहीत आहे? पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलरची नोकरी करणारा हा माणूस. १९०३ मध्ये त्यांनी सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा भरवली, १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढले, सरकारला अर्ज-विनंत्या पाठवल्या आणि १९२९ च्या पर्वती सत्याग्रहातही ते पुढे होते. दिवसभर दुसऱ्यांची ताटे मांडणारा माणूस रात्री समाजाचे कागद लिहीत होता. त्यांना "वेळ नाही" म्हणण्याचा अधिकार आपल्यापेक्षा कितीतरी अधिक होता.

बाबासाहेबांकडे पाहा. विलायतेतून परतल्यावर १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. अध्यक्षपदी सर चिमणलाल सेटलवाड, व्यवस्थापक मंडळाचे प्रमुख स्वतः बाबासाहेब, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर आणि खजिनदार निवृत्ती तुळशीराम जाधव. शिवतरकर हे चांभार समाजात जन्मलेले शिक्षक. चिटणीस हाच संस्थेचा कणा असतो, हे बाबासाहेब ओळखून होते आणि तो कणा त्यांनी स्वतःच्या जातीतच शोधला नाही. आज आमच्या किती कार्यकारिण्यांत बौद्धांखेरीज मातंग, चर्मकार, वाल्मीकी, आदिवासी, भटके-विमुक्त दिसतात? 'मागासवर्गीय' हा शब्द लेटरहेडवर छापायचा आणि यादी मात्र एकाच जातीची, मग इतरांनी आपलेपणाने का यावे?

याचे उत्तरही पुण्यातच मिळते. साठच्या दशकात येथील संरक्षण खात्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत आंबेडकर जयंती आणि बुद्ध जयंतीच्या सुट्ट्या रद्द झाल्या. त्याविरुद्ध उभा राहिला तो कोणी अधिकारी नव्हता. राजस्थानातील वाल्मीकी समाजात जन्मलेले चतुर्थ श्रेणी कर्मचारी दीनाभाना हे उभे राहिले आणि निलंबित झाले. त्यांच्या मागे पंजाबातील रामदासिया शीख कुटुंबातले कांशीराम उभे राहिले आणि नागपूरचे डी. के. खापर्डे उभे राहिले. लढा देऊन सुट्ट्याही परत मिळवल्या आणि नोकरीही. त्यातून १९७१ मध्ये पुण्यात अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय आणि अल्पसंख्याक कर्मचाऱ्यांची कल्याण संघटना उभी राहिली आणि ६ डिसेंबर १९७८ रोजी दिल्लीत बामसेफची रीतसर घोषणा झाली. पुढे बामसेफचे गट पडले, वाद झाले, त्यात आम्ही आज शिरत नाही. मुद्दा एवढाच की तीन राज्यांतली, तीन जातींतली, वेगवेगळ्या हुद्द्यांवरची तीन माणसे एका कार्यालयात एकत्र आली आणि देशभराची संघटना उभी राहिली. त्यांपैकी कोणीही "कोण तयार आहे?" या प्रश्नाची वाट पाहत बसले नव्हते.

आता आपल्या आजाराचे मूळ शोधू. पहिले कारण भीती. गोपनीय अहवाल, बदली, विभागीय चौकशी यांची भीती खोटी नाही. पण संघटना करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ ने नागरिकाला दिला आहे. सेवावर्तणुकीचे नियम राजकीय पक्षात काम करण्यास मनाई करतात. सेवाविषयक आणि सामाजिक काम हा वेगळा विषय आहे. हा फरक नव्या सभासदाला कोणी समजावून सांगतच नाही. भीती एकट्याला असते, नऊ जण मिळून सही करतात तेव्हा ती नऊ ठिकाणी वाटली जाते.

दुसरे कारण जुने पदाधिकारी. होय, ज्यांनी संघटना जगवली तेच. सभासद नोंदवही त्यांच्या कपाटात, बँकेचे पासबुक त्यांच्या पिशवीत, कोणत्या टेबलावर कोणाला भेटायचे ते त्यांच्या डोक्यात. "पोरांना जबाबदारी नको असते" अशी तक्रार ते करतात, पण पोराने कार्यक्रमपत्रिका वेगळी छापली तरी रागावतात. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी राजकारणातील व्यक्तिपूजेचा धोका सांगितला होता. त्याच भाषणात त्यांनी बुद्धाच्या भिक्खू संघाची आठवण दिली. बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतदान या सगळ्यांचे नियम त्या संघात होते. आपण बुद्धाचे वारस म्हणवतो आणि आपल्या शाखेची सभा मात्र गणसंख्या न मोजता उरकतो.

तिसरे कारण हौशी उमेदवार. काही माणसे पदासाठी फार लवकर तयार होतात. त्यांना लेटरहेड हवे असते, चौकात फ्लेक्स हवा असतो, साहेबांच्या दालनात खुर्ची हवी असते आणि जमल्यास सोयीची बदली. अशी दोन माणसे एका कार्यकारिणीत आली की प्रामाणिक चार जण बाहेर पडतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. म्हणून जागा रिकामी आहे म्हणून कोणालाही बसवणे, हा उपाय नव्हे.

मग करायचे काय? आम्ही काही फार मोठे तत्त्वज्ञान सांगत नाही. पहिली गोष्ट, सभेत प्रश्न टाकून माणसे मिळत नाहीत. सभेच्या तीन महिने आधी दोघांनी मिळून माणसाच्या घरी जावे, त्याच्या घरच्यांसमोर बोलावे आणि त्याला नाव घेऊन सांगावे की, तुमचे अक्षर नीट, तुमचा हिशेब चोख, तुम्ही हे काम करावे अशी आमची इच्छा आहे. "समाजासाठी काहीतरी करा" हे मोघम बोलणे झाले. "दोन वर्षे खजिनदार व्हा, महिन्याला दोन संध्याकाळी द्या, दर तिमाहीला हिशेब मांडा" असे सांगितले तर माणूस विचार करतो.

दुसरी गोष्ट, प्रत्येक पदाला जोडीदार द्यावा. चिटणीसाबरोबर सहचिटणीस, खजिनदाराबरोबर सहखजिनदार. पहिल्या वर्षी त्याने बघावे, दुसऱ्या वर्षी करावे. दोन कार्यकाळांनंतर कोणीही त्याच पदावर राहू नये, असा नियम घटनेतच घालावा. जाणाऱ्याने इतिवृत्त, सभासद नोंदवही, जमाखर्च आणि चालू प्रकरणांची यादी सभेसमोर सोपवावी. सार्वजनिक न्यास म्हणून नोंद असलेल्या संस्थेने विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहून गेला की कागदोपत्री जुनीच मंडळी कारभारी राहतात, बँक नव्यांच्या सह्या घेत नाही आणि भांडणाला तोंड फुटते. आपल्या कितीतरी संस्था विचारांच्या मतभेदावर फुटल्या असे आपण सांगतो. प्रत्यक्षात त्या न भरलेल्या अर्जावर फुटलेल्या असतात.

तिसरी गोष्ट महिलांची. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे होत्या. आणि आज पुण्यातल्या शाखेत रात्री साडेआठला बैठक ठेवायची, परिचारिका, शिक्षिका, लिपिक भगिनी त्या वेळी येऊ शकत नाहीत म्हटले की "महिला पुढे येत नाहीत" असा शेरा मारायचा. बैठकीची वेळ बदला, जागा बदला, मुलांना घेऊन येण्याची मुभा द्या. आणि महिलांना केवळ महिला आघाडी आणि स्वागतगीत न देता खजिना आणि चिटणीसपद द्या.

चौथी गोष्ट, नवा नोकरदार. कायम सरकारी नोकऱ्या आटत चालल्या आहेत. आपली मुले-मुली आज हिंजवडीत, खराडीत संगणकासमोर बसतात, खासगी रुग्णालयांत, कंत्राटी पदांवर राबतात. आपल्या संघटनांच्या घटनेत मात्र सभासद म्हणजे कायम शासकीय कर्मचारी, एवढीच व्याख्या. ज्यांना आपण दारच उघडले नाही, ते आत येत नाहीत म्हणून रडण्यात काय अर्थ? संगणकाचे काम करणारी एक मुलगी संवर्गनिहाय माहितीचा तक्ता एका रात्रीत लावून देईल. तिला कोणी विचारले आहे काय?

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दलचे आपले दुःख बोलून दाखवले. दरवर्षी आपण ते भाषण आठवतो, हळहळतो आणि घरी जातो. ते दुःख दूर करण्यासाठी प्रत्येकाने कांशीरामांसारखे घरदार सोडावे, असे आम्ही म्हणत नाही. महिन्याच्या दोन संध्याकाळी आणि एक नीट लिहिलेली वही, एवढेच मागणे आहे.

सभा संपल्यावर त्या वृद्ध चिटणीसांना आम्ही विचारले, "काका, तुम्ही पुन्हा हो का म्हणालात?" ते म्हणाले, "कपाटात सतरा जणांचे अर्ज आहेत हो. मी नाही म्हटले असते तर ते अर्ज कोणाच्या हातात द्यायचे?"

पुढच्या वार्षिक सभेला वर्षभराचा अवकाश आहे. हा लेख वाचणाऱ्यांपैकी कोणी त्या सभागृहात मान खाली घालून बसले असेल, तर त्यांनी सभेची वाट पाहू नये. याच रविवारी काकांच्या घरी जावे, कपाट उघडायला सांगावे आणि त्या सतरांपैकी दोन अर्ज आपल्या हातात घ्यावेत. नेमणूक मागाहून झाली तरी चालेल.

जय भीम!