खाडीची हवा आणि चांदीचा आरसा

माहीम सुटलं की लोकलमधले हात रुमालाकडे जातात. खाडीच्या काळ्या चिखलात प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडत असतात; कुजक्या अंड्यासारखा वास त्याचाच. वांद्रे येईपर्यंत आपण तो विसरतो. वांद्र्यातल्या एखाद्या कपाटातलं चांदीचं प्रूफ नाणं मात्र या वायूची चाहूलही टिपून ठेवतं.

प्रूफ म्हणजे बाजारात फिरण्यासाठी नव्हे, तर निरखण्यासाठी पाडलेलं नाणं. १९६९ साली गांधीजन्मशताब्दीनिमित्त निघालेलं दहा रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं. मुंबईच्या टांकसाळीतल्या प्रूफवर सालाखाली ‘बी’ असे. पुढे तिथे ‘एम’ आलं.

प्रूफची करामत साच्यात असते. साच्याचा सपाट भाग आरशासारखा घासतात, कोरीव भाग मुद्दाम खरबरीत ठेवतात. चकचकीत केलेली चकती जबर दाबाखाली एकाहून अधिक वेळा ठोकतात. सपाट भाग उजेड एकाच दिशेला परतवतो, म्हणून नाणं जरा कलतं केलं की तो काळाभोर दिसतो. चेहरा तोच उजेड चहूकडे उधळतो, म्हणून पांढराशुभ्र. एकच चांदी, एकाच वेळी काळी आणि पांढरी! प्रत्येक ठोक्यागणिक साच्याचा खरबरीतपणा झिजतो, त्यामुळे हा विरोध सर्वांत गडद उमटतो तो पहिल्या काही नाण्यांवर. संग्राहक झुरतात ते त्यांच्यासाठी.

विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या सेंटसाठी बेतलेली नाण्याचा दर्जा ठरवणारी ७० गुणांची मोजपट्टी आज जगभर चालते. ७० म्हणजे पाचपट मोठं करणाऱ्या भिंगाखालीही डाग-ओरखडा दिसता कामा नये.

आणि इथे खाडीतला तो वायू आडवा येतो. गंधक आणि चांदी मिळून सिल्व्हर सल्फाइडचा थर बनतो, केसाच्या जाडीच्या जेमतेम हजाराव्या हिश्श्याएवढा. त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतलेले किरण एकमेकांत मिसळतात. थर वाढेल तसं नाणं सोनेरी, जांभळं, निळं होतं आणि शेवटी काळं. मधल्या रंगांवर भाळून जादा पैसे मोजणारेही आहेत.

लक्ष्मीपूजनाचं नाणं आपण रांगोळीने खसाखसा घासतो. लक्ष्मी रागावत नाही. प्रूफला नुसता मऊ रुमाल फिरवला तरी आरशावर बारीक रेघा उठतात. चकाकी पुन्हा आणता येते, टांकसाळीने दिलेला पृष्ठभाग नाही. म्हणून जाणकार नाणं कडेला धरतात, पीव्हीसीच्या पाकिटाऐवजी हवाबंद डबीत ठेवतात आणि पुसण्याचा मोह आवरतात.