कोळसापुरवठा व स्पर्धा कायदा

एखाद्या वस्तूचा पुरवठा कायद्यानेच एका संस्थेच्या हाती सोपविलेला असताना त्या संस्थेने ग्राहकांवर लादलेल्या अटी अनुचित आहेत किंवा कसे, हे ठरविण्याचा अधिकार स्पर्धाविषयक कायद्यास पोहोचतो काय, या प्रश्नातून उद्भवलेला वाद. भारतात तो मुख्यतः औष्णिक वीजकेंद्रे व कोल इंडिया लिमिटेड यांच्यात झाला. त्याची सुरुवात करणाऱ्यांत कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर इ. केंद्रे चालविणारी महाराष्ट्र राज्य विद्युत निर्मिती कंपनी (महानिर्मिती) प्रमुख होती.

नागपूरच्या उत्तरेस कामठी तालुक्यात असलेले कोराडी हे जगदंबेच्या देवस्थानामुळे पूर्वीपासून परिचित आहे. तेथील वीजकेंद्राचा पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला. जुने संच हळूहळू बंद होत गेले व २०१५–१७ या काळात प्रत्येकी ६६० मेगावॉट क्षमतेचे तीन संच उभे राहिले. कामठी कोळसाक्षेत्र याच जिल्ह्यात असून तेथील खाणी चालविणाऱ्या वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड या कोल इंडियाच्या उपकंपनीचे मुख्यालयही नागपुरातच आहे. ग्राहक व विक्रेता इतके जवळ असूनही ग्राहकास दुसऱ्या विक्रेत्याकडे जाण्याची सोय नव्हती. कारण १९७३ च्या राष्ट्रीयीकरण कायद्याने कोळसा खाणी केंद्र शासनाकडे गेल्या होत्या. आयात कोळसा हा पर्याय होता, पण बंदरापासून दूर असलेल्या विदर्भातील केंद्रांस तो महाग पडे.

वादाचे मूळ कोळशाच्या प्रतीत आहे. २०११ अखेरपर्यंत बिगर-कोकक्षम कोळशाची प्रत उपयुक्त उष्णतामूल्यावरून ठरत असे. राख व आर्द्रता यांच्या टक्केवारीच्या बेरजेस १३८ ने गुणून येणारी संख्या ८,९०० मधून वजा केली, म्हणजे हे मूल्य किलोग्रॅममागे किलोकॅलरीत मिळे. राख ३०% व आर्द्रता ८% असल्यास ते ३,६५६ येते आणि असा कोळसा ‘ई’ प्रतीत पडतो. त्यात दगड व शेल मिसळून राख ३३% झाली, की मूल्य ३,२४२ पर्यंत उतरते व कोळसा ‘एफ’ प्रतीचा ठरतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या एवढ्याशा फरकाने किंमत बदलते. शिवाय अधिक राखेमुळे बाष्पित्राची झीज होते आणि राख साठविण्याचा प्रश्न वाढतो. १ जानेवारी २०१२ पासून स्थूल उष्णतामूल्यावर आधारलेल्या १७ प्रती रूढ झाल्या. मोजमाप बदलले, तरी नमुना कोणी, कोठे व कसा घ्यावा हा तंटा कायम राहिला. खाणीवर जाहीर झालेल्या प्रतीचे देयक द्यावयाचे आणि केंद्रात उतरलेला कोळसा हलका निघाला तरी दाद मागण्यास जागा अपुरी, असे ग्राहकांचे गाऱ्हाणे होते. देयकातील हा फरक अखेर वीजदरात उतरतो, म्हणून तो केवळ दोन सरकारी कंपन्यांचा हिशेब मानता येत नाही.

२०१२ मध्ये महानिर्मितीने महानदी कोलफील्ड्स व वेस्टर्न कोलफील्ड्स यांच्याविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रारी केल्या. गुजरातच्या वीजनिर्मिती कंपनीचीही तक्रार त्यांत जोडली गेली. २००२ च्या स्पर्धा कायद्याचे चौथे कलम वर्चस्वास नव्हे, तर वर्चस्वाच्या दुरुपयोगास मनाई करते. हे कलम २००९ पासून अंमलात आले. ९ डिसेंबर २०१३ रोजी आयोगाने इंधनपुरवठा करारांतील अटी अनुचित व भेदभावाच्या ठरवून कोल इंडियास १,७७३·०५ कोटी रुपये दंड केला व करार सुधारण्यास सांगितले. मे २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने हा आदेश रद्द करून प्रकरण फेरविचारार्थ परत पाठविले. २४ मार्च २०१७ रोजी आयोगाने पुन्हा दुरुपयोगाचाच निष्कर्ष काढला. दंड मात्र ५९१·०१ कोटींवर आला.

कोल इंडियाचा मुख्य बचाव तत्त्वाचा होता. आपली मक्तेदारी संविधानाच्या अनुच्छेद ३९ (ख) मधील सामूहिक हिताच्या तत्त्वासाठी निर्माण झाली असून नफा हे आपले एकमेव उद्दिष्ट नाही. तोट्याच्या खाणीही चालवाव्या लागतात. म्हणून बाजारपेठेचे नियम आपणास लागू नाहीत, असे तिचे म्हणणे होते. युक्तिवाद वजनदार होता. पण सामूहिक हितासाठी मिळालेला अधिकार ग्राहकावर अनुचित अटी लादण्याची मुभा देतो, असे त्यातून निष्पन्न होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ जून २०२३ रोजी स्पर्धा कायदा कोल इंडियास लागू असल्याचा निर्णय दिला. शासकीय कंपन्यांना कायद्याने सरसकट सूट दिलेली नाही आणि कायद्याने मिळालेली मक्तेदारी हा वर्चस्व ठरवितानाचा एक विचारार्ह घटक म्हणून त्याच कायद्यात नमूद आहे, हे न्यायालयाने दाखवून दिले. हा निर्णय कायदा लागू होण्यापुरता होता. अटी प्रत्यक्षात अनुचित होत्या काय, याचा निवाडा त्याने केला नाही.

दूरसंचार क्षेत्रात हाच सीमाप्रश्न निराळ्या स्वरूपात उभा राहिला. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओने सेवा सुरू केल्यावर जुन्या कंपन्या पुरेसे आंतरजोडणी-बिंदू देत नाहीत, अशी तक्रार केली. स्पर्धा आयोगाने एप्रिल २०१७ मध्ये चौकशीचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयाने तो सप्टेंबरमध्ये रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला : आयोगाचा अधिकार नष्ट होत नाही, मात्र तांत्रिक प्रश्न आधी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ठरवावयाचे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये व्हेरिझॉन कंपनीच्या खटल्यात, जेथे नियामक आहे तेथे स्पर्धा कायद्याने हात आखडता घ्यावा, असे मत दिले होते. उलट यूरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये डॉइच टेलिकॉमला, नियामकाने दरांस मान्यता दिली होती एवढ्यावरून दोषमुक्त केले नाही. कोळशाच्या वादात मात्र करारातील अशा अटींवर देखरेख ठेवणारे स्वतंत्र नियामक प्राधिकरणच नव्हते.

दरम्यान परिस्थितीही पालटत गेली. १९७३ चा कायदा २०१८ मध्ये निरसित झाला व २०२० पासून व्यापारी खाणकामासाठी खाजगी कंपन्यांना कोळसाक्षेत्रे लिलावाने देण्यास प्रारंभ झाला. महानिर्मितीस त्याआधीच, २०१५ मध्ये, छत्तीसगढमधील रायगढ जिल्ह्यातील गारे पालमा सेक्टर-२ हे कोळसाक्षेत्र स्वतःच्या केंद्रांसाठी देण्यात आले होते.