निनावी माणसांचा पत्ता

मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ॲक्रन शहर. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत बिल विल्सन नावाचा माणूस येरझारा घालत होता. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातला हा गडी एका कंपनीचा ताबा मिळवायला आला होता. तो डाव फसला होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. लॉबीच्या एका टोकाला बार, तिथून हसण्याखिदळण्याचे आवाज. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी.

त्यानं फोन उचलला. त्याचं मागणं मात्र विलक्षण होतं: गावातला एखादा दारुडा मला गाठून द्या, मला त्याच्याशी बोलायचंय! पलीकडच्या पाद्रीबाबांनी, वॉल्टर टंक्स यांनी, फोन आपटला नाही, काही नावं दिली. त्या नावांचा माग काढत तो पोचला हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत, आणि त्यांच्या ओळखीत एक सर्जन निघाले. डॉ. बॉब स्मिथ, कमालीचे पिणारे. दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, भेट ठरली. डॉक्टरांनी पंधराच मिनिटं कबूल केली होती. संध्याकाळी पाचला बसलेले हे दोघं रात्री अकरा वाजून गेल्यावर उठले.

सहा तास बोलले काय? बिलनं त्याआधी न्यूयॉर्कच्या कैक बेवड्यांना उपदेश केला होता. त्यातला एकही सुधारला नाही. गंमत म्हणजे त्या खटाटोपात बिल स्वतः मात्र कोरडा राहिला. त्याच्यावर उपचार केलेल्या डॉ. सिल्कवर्थ यांनी त्याला सुचवलं की प्रवचन थांबव, हा आजार आहे ते सांग. म्हणून ॲक्रनमध्ये त्यानं फक्त आपली कहाणी सांगितली. डॉ. बॉबना वैद्यकशास्त्र ठाऊक होतं, प्रार्थनाही करून झाल्या होत्या. त्यांच्याइतकंच प्यायलेला माणूस मात्र त्यांच्यासमोर असा कधी बसला नव्हता. आणि त्याला त्यांची तितकीच गरज होती, हे मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत नवलाचं वाटतं. मध्ये एकदा घसरून डॉ. बॉबनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ ला. या भेटीतून उभी राहिलेली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (निनावी मद्यपी), म्हणजे एए ही संस्था, आपला वाढदिवस तोच मानते.

आता ही संस्था पाहा. साहेब नाही, फी नाही, बाहेरची देणगी घ्यायची नाही. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडण्याची इच्छा. वर्तमानपत्रात, रेडिओवर सभासद म्हणून नाव-फोटो द्यायचा नाही. मग अशा निनावी माणसांना नव्यानं शोधणाऱ्यानं गाठायचं कसं? तोडगा साधा आहे: माणसं झाकलेली, जागा उघडी. कुठल्या चर्चच्या हॉलमध्ये, कुठल्या शाळेच्या वर्गात, कोणत्या वारी किती वाजता, हे सगळं जाहीर असतं. हेल्पलाइनला फोन केला तर पलीकडे बहुधा कधीकाळी हाच फोन करून आलेला कुणी असतो. आडनाव विचारत नाहीत. ‘खुली’ मीटिंग असेल तर कुणीही बसावं, भाऊ किंवा मित्र सोबत न्यावा. ‘बंद’ असेल तर फक्त ज्याला स्वतःची दारू सोडायचीय त्यानं.

आत एकेक जण बोलतो: माझं नाव अमुक, मी मद्यपी आहे. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. जन्मभराची शपथ नसते. आजचा दिवस प्यायची नाही, इतकंच. आपल्याकडे गळ्यात तुळशीची माळ घालून दारू सोडलेले कितीतरी आहेत, आणि ती माळ टिकते ती बरोबरच्या दिंडीमुळे, दर एकादशीच्या भजनामुळे. एकट्याच्या निश्चयावर आपल्या लोकांनीही कधी फारसा भरवसा ठेवला नाही.

याला पुरावा काय? २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेनं २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं एकत्र घेऊन पडताळणी केली. दारूपासून पूर्णपणे दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि रुग्णाला एएशी जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांच्या पुढे निघाले. बाकी मोजमापांत साधारण बरोबरीला. देवाची, ‘उच्च शक्ती’ची भाषा काहींना खुपते, आणि ते समजण्यासारखं आहे. एक गोष्ट मात्र मीटिंगच्या हातातली नाही. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवलं तर आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. तिथं आधी डॉक्टर.

पुष्कळदा पत्ता शोधणारी बायकोच असते. तिच्यासाठीही वेगळी खोली आहे: १९५१ मध्ये बिलची पत्नी लॉइस आणि तिची एक मैत्रीण यांनी पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन उभं केलं. नवरा आला नाही तरी तिनं जावं. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानंही पत्नींचा वेगळा गट केला.

आणि तालुक्याच्या गावी मीटिंगच नसेल तर? एएच्या रिवाजाप्रमाणे दारू सोडण्यासाठी दोन-तीन मद्यपी एकत्र बसले की तोच गट. दूर कुठे एकट्या पडलेल्या सभासदांनी, जहाजांवरच्या खलाशांनी तर एकमेकांना पत्रं लिहूनही मीटिंगा चालवल्या आहेत.