पदकाच्या कडेवरचा पत्ता

कल्याणजवळच्या मोहने, आंबिवली, टिटवाळा या पट्ट्यात कुणाच्या घरी पहिल्या महायुद्धाचं पदक असेल, तर आधी त्याची कड भिंगाखाली धरा. शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बहुधा तिथेच इंग्रजीत उमटवलेली असते. चकाकीसाठी घासू नका; अक्षरं एकदा झिजली की घराण्याचा दुवाच तुटतो.

पलटण कळली की वाट मोकळी होते. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ला तिथे शरणागती झाली. १९२२च्या फेररचनेत क्रमांक बदलले, ११७वी पाचवी बटालियन झाली. १९१७ची १११ महार पलटण तर १९२१मध्ये मोडलीच. म्हणून जुना क्रमांकच शोधा.

युद्धात मरण पावलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. अनेक नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका असतो; आडनाव काही नोंदींत नसतं. स्पेलिंग मनमानी, तेव्हा ‘ठाणा’ अशा जुन्या नावांनीही पाहा. पलटणीच्या रोजनिशा लंडनच्या क्यू इथल्या अभिलेखागारात आहेत. त्यांत साध्या शिपायाचं नाव क्वचितच सापडतं, पण एखाद्या दिवशी त्याची पलटण कुठे होती, हे बहुधा कळतं.