ग्वाल्हेरचे मान आणि अंकलीचा घोडा

आपल्या सीमाभागातल्या घरांत एक शब्द दोन अर्थांनी नांदतो. शाळेतून पळतपळत आलेले पोर ‘अज्जी, ननगे बहुमान बंतु’ म्हणते, तेव्हा त्याच्या हातात एखादा पेला, पट्टी नाहीतर वही असते. कन्नडमध्ये बहुमान म्हणजे बक्षीस. तेच पोर संध्याकाळी मराठीच्या पुस्तकात बहुमान शब्द वाचते, तेव्हा तिथे वस्तू नसते, आदर असतो. एकाच शब्दात हातात मिळणारी वस्तूही आहे आणि मनातला मानही आहे. पण वस्तू मिळाली म्हणजे मान मिळालाच, असे असते का?

हा प्रश्न माझ्या डोक्यात पक्का बसला तो ग्वाल्हेरमध्ये. शिंद्यांच्या या राजधानीने दीडदोनशे वर्षांत जेवढे किताब, पदके, खिलती आणि तोफांच्या सलाम्या पाहिल्या, तेवढ्या फार थोड्या गावांनी पाहिल्या असतील. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली बांधलेल्या जयविलास राजवाड्यातले संग्रहालय मी हिंडून पाहिले. दरबार हॉलमधली साडेतीन टन वजनाची झुंबरे आणि जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी पाहायला गर्दी असते. माझे मन मात्र एका वेगळ्याच हिशेबात गुंतले. या घराण्याला कुणी काय दिले, आणि त्यातले आज काय उरले?

पाटीलबावांचा जोडा

सुरुवात अर्थातच महादजींपासून. सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे हे पाटील. १७८८ साली गुलाम कादिराने दिल्लीचा बादशहा शाहआलम याचे डोळे काढले. महादजींनी दिल्ली सोडवली आणि त्या आंधळ्या बादशहाला पुन्हा तख्तावर बसवले. बादशहाचा खर्च शिंदे चालवत होते, आणि शिंद्यांना किताब बादशहा देत होता! देणारा दुबळा आणि घेणारा बलवान, असा हा व्यवहार. तरीही त्या किताबाला किंमत होती, कारण हिंदुस्थानभर लोक अजून बादशहाची मोहोर मानत होते.

पेशव्यांसाठी ‘वकील-इ-मुतलक’ हा सर्वोच्च अधिकाराचा किताब घेऊन महादजी १७९२ साली पुण्याला आले. पेशव्यांनी मोगली किताब कसा घ्यायचा, आपले धनी साताऱ्याचे छत्रपती, असा आक्षेप नाना फडणिसांनी घेतला. शेवटी साताऱ्याची परवानगी आली आणि जून महिन्यात दरबार भरला. नऊ वस्त्रांची खिलत, जडजवाहीर, ढाल-तलवार, मोर्चेले, नालकी, शिक्के, दौत आणि माशाच्या चिन्हाचा माही-मरातिब असा सगळा लवाजमा तरुण सवाई माधवरावांपुढे मांडला गेला.

पण लोकांच्या लक्षात राहिली ती पेशव्यांच्या पहिल्या भेटीची गोष्ट. इंग्रज अधिकारी माल्कम याने ती लिहून ठेवली आहे. महादजी हत्तीवरून उतरले, पायी चालत दरबारात गेले आणि सगळ्यांच्या खाली बसले. पेशव्यांनी मानाच्या जागी बोलावले, तर काखेतले गाठोडे सोडून त्यांनी नव्या जोड्याची जोडी पेशव्यांपुढे ठेवली. आमच्या वडिलांचे काम हेच, आमचेही हेच, असा त्याचा अर्थ. राणोजी शिंदे थोरल्या बाजीरावांचे जोडे सांभाळत असत, अशी आठवण त्यामागे होती. या नम्रतेत राजकारण किती आणि भाव किती, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. एक मात्र खरे. ज्याच्या शब्दावर दिल्ली हलत होती, तो माणूस स्वतःला अखेरपर्यंत ‘पाटील’च म्हणवत राहिला. कण्हेरखेडची पाटिलकी त्याला कुठल्या बादशहाने दिलेली नव्हती.

तोफेचा झाला तारा

दौलतरावांच्या काळात, १८१०च्या सुमारास, राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला आली. किल्ल्याखाली फौजेचा तळ पडला, त्याचेच ‘लष्कर’ हे शहर झाले. पुढे १८४३ साली जनकोजीराव निपुत्रिक वारले. त्यांची विधवा ताराबाई अवघी बारा-तेरा वर्षांची. तिने दत्तक घेतलेले जयाजीराव आठ-नऊ वर्षांचे. कारभार कुणी पाहायचा यावरून मामासाहेब आणि दादा खासगीवाले यांच्यात तेढ पडली. हे निमित्त करून गव्हर्नर जनरल एलनबरो फौज घेऊन आला. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहार अशा दोन ठिकाणी एकाच दिवशी लढाया झाल्या. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. इंग्रजांचीही शेकडो माणसे पडली. पण दोन्हीकडे शिंद्यांचा पराभव झाला.

नंतर जे झाले ते वाचून मी थबकलो. जिंकलेल्या सैनिकांना देण्यासाठी इंग्रजांनी एक तारा पाडला. सहा टोकांचा, काशाचा, मधोमध छोटा चांदीचा तारा, त्यावर लढाईचे नाव आणि तारीख. हा तारा घडवला होता शिंद्यांकडून काबीज केलेल्या तोफा वितळवून! ज्या तोफेशेजारी इथला गोलंदाज मेला, तिचाच तुकडा त्याला मारणाऱ्याच्या छातीवर लागला. महाराजपुरात इंग्रजी फौजेबरोबर आलेल्या चार स्त्रियाही होत्या. त्यांना मीनाकाम केलेले सोन्याचे खास तारे मिळाले. गोलंदाजांची नावे मात्र कुठल्याच ताऱ्यावर नाहीत.

कन्नड अर्थाने हा बहुमान पुरेपूर होता, वस्तू म्हणून देखणा होता. मराठी अर्थाने मान कुणाचा झाला? माझ्या मते त्या तोफांपाशी उभ्या राहिलेल्यांचा. तसे नसते, तर विजेत्यांना आठवणीसाठी त्याच तोफांचा धातू का लागला असता?

सलामीच्या तोफा

तेच बाल जयाजीराव मोठे झाले आणि १८५७ आले. जयाजीराव इंग्रजांच्या बाजूने राहिले. त्यांची फौज मात्र जून १८५८मध्ये राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांना जाऊन मिळाली. जयाजीराव आग्र्याला गेले. काही दिवसांतच राणी ग्वाल्हेरजवळच्या लढाईत पडली. फुलबागेतली तिची समाधी राजवाड्यापासून फार लांब नाही.

१८६१ साली व्हिक्टोरिया राणीने ‘स्टार ऑफ इंडिया’ हा सन्मान सुरू केला. १८५७ नंतर संस्थानिकांना सिंहासनाशी बांधून ठेवण्याचा तो एक धागा होता. पहिल्या मानकऱ्यांत जयाजीराव होते. पुढे त्यांना याहून वरचे दर्जेही मिळाले. संस्थान वाचवणारा धोरणी राजा म्हणून त्यांच्याकडे पाहणारे आहेत, आणि त्या ताऱ्याकडे पाहताना ज्यांना राणीची समाधी आठवते, असेही आहेत. ग्वाल्हेरात दोघेही भेटतात. मला वाटते, परक्या सत्तेने दिलेल्या मानाची हीच अडचण असते. तो कशासाठी मिळाला, हे पदकावर लिहिलेले नसते, पण लोक विसरत नाहीत.

पदकांबरोबर तोफांचाही हिशेब होता. सम्राटाला १०१, व्हाइसरॉयला ३१ आणि संस्थानिकांना जास्तीत जास्त २१ तोफा. अखेरच्या यादीत २१ तोफांची पाचच संस्थाने होती: हैदराबाद, म्हैसूर, बडोदा, जम्मू-काश्मीर आणि ग्वाल्हेर. म्हणजे आपल्या घरातल्या मराठी बाजूला ग्वाल्हेर-बडोद्याचा अभिमान, तर कन्नड बाजूला म्हैसूरचा! आपल्या शेजारच्या कोल्हापूरला १९ तोफा होत्या. सांगली, सावंतवाडी आणि घोरपड्यांचे मुधोळ यांना नऊ-नऊ. एखादी तोफ वाढावी म्हणून संस्थानिक वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या करत. राजेलोक आपसात तोफा मोजत बसले, आणि मोजपट्टी इंग्रजांच्या हातात राहिली.

जयाजीरावांचे पुत्र माधवराव तर या दुनियेत पुरते मुरलेले होते. १९०० साली चीनमध्ये लढाई पेटली, तेव्हा जखमींसाठी त्यांनी ‘ग्वाल्हेर’ नावाचे इस्पितळ-जहाज सज्ज करून दिले. छातीवर पदकांची दाटी झाली. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्यावरून त्यांनी मुलाचे नाव जॉर्ज जिवाजीराव आणि मुलीचे मेरी कमलाराजे ठेवले. मान किती खोल जाऊ शकतो पाहा, थेट बारशाच्या पाळण्यापर्यंत!

पण ग्वाल्हेरच्या माणसाला माधवराव आठवतात ते पदकांमुळे नाही. १९१६ साली बांधलेल्या तिघरा धरणाचे पाणी शहर आजही पिते. त्यांच्या हौसेची अरुंद रुळांची आगगाडी २०२० पर्यंत श्योपूरपर्यंत धावत होती. कोल्हापुरातही तेच. शाहू महाराजांना इंग्रजांनी मोठमोठे किताब दिले, त्यांची आद्याक्षरे आज कुणाला सांगता येतील? १९१९ साली कानपूरच्या कुर्मी क्षत्रिय परिषदेत लोकांनी दिलेली ‘राजर्षी’ ही पदवी मात्र शाळकरी पोरालाही पाठ आहे.

कागदावरून पुसले गेले

स्वातंत्र्यानंतर १९५०च्या राज्यघटनेने अठराव्या कलमाने किताबांवर बंदी आणली. संस्थानिकांची मान्यता आणि तनखे मात्र काही वर्षे टिकले. सप्टेंबर १९७०मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशाने ती मान्यता काढली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या खटल्याला नाव मिळाले ते ग्वाल्हेरच्याच माधवराव जिवाजीराव शिंद्यांचे. डिसेंबर १९७०मध्ये निकाल संस्थानिकांच्या बाजूने लागला. पण पुढच्याच वर्षी सव्विसावी घटनादुरुस्ती झाली आणि तनखे, मान्यता, विशेष हक्क सारे संपले. २१ तोफा कायमच्या शांत झाल्या.

मग ग्वाल्हेर दरबारचा एकही मान आज जिवंत नाही का? आहे. आणि तो आपल्या दाराशी, चिकोडी तालुक्यात आहे.

माउलींच्या दरबारात

सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हैबतराव पवार शिंद्यांच्या पदरी ग्वाल्हेरात सरदार होते. परंपरा सांगते, की गावी परतताना सातपुड्यात लुटारूंनी त्यांना गुहेत कोंडले. हरिपाठ म्हणत त्यांनी दिवस काढले. सुटल्यावर ते घरी न जाता आळंदीला गेले आणि तिथलेच झाले. तेच हैबतबाबा. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याची आजची घडी त्यांनी १८३२ साली बसवली.

दरबारात वाढलेल्या या माणसाने काय केले? राजाला जो लवाजमा, तो सगळा माउलींना दिला. पालखी, अब्दागिरी, नगारा, शिंग, जरीपटका, घोडे, चोपदार. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंचावला की लाखोंचा जमाव एका क्षणात गप्प होतो. ही शिस्त लष्करी दरबाराची आहे, पण सिंहासनावर राजा नाही. पालखीत पादुका आहेत. महादजींनी पेशव्यांपुढे जोडा ठेवला होता, त्यांच्या घराण्याच्या सरदाराने सगळा दरबारच पादुकांपुढे ठेवला. स्वतःसाठी त्याने आळंदीच्या देवळाची एक पायरी तेवढी घेतली. हैबतबाबांची पायरी म्हणून तिची पूजा आजही प्रस्थानाच्या वेळी होते.

आणि घोडे येतात ते बेळगाव जिल्ह्यातून, कृष्णाकाठच्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे. शितोळे हे शिंदेशाहीतले मातब्बर घराणे, महादजींची लेक बाळाबाई शितोळ्यांच्या घरात दिलेली. दरवर्षी ज्येष्ठात, प्रस्थानाच्या दहा-बारा दिवस आधी, अंकलीहून दोन घोडे निघतात आणि मिरज, सांगली, सातारा, पुणे असे सुमारे तीनशे किलोमीटर चालत आळंदीला पोचतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याच्या पाठीवर कुणी बसत नाही, तो माउलींचा. रिंगणात तो धावला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसे झेपावतात. त्यांतला कोण मराठी बोलतो आणि कोण कन्नड, हे तेव्हा कुणी विचारत नाही.

हा मान कुठल्या राजाने दिलेला नाही, म्हणून कुठल्या घटनादुरुस्तीने तो गेला नाही. त्याला तनखा नाही, सलामी नाही. आहे ते फक्त काम. दरवर्षी घोडा तयार ठेवायचा, चालवत न्यायचा आणि स्वतः पाठीवर बसायचे नाही. कन्नडमध्ये मानाला ‘मर्यादे’ म्हणतात, मराठीत मर्यादा म्हणजे सीमा. या रिकाम्या पाठीवर दोन्ही अर्थ एकत्र येतात. पुढच्या ज्येष्ठात शक्य झाले तर मुलांना घेऊन घोड्यांच्या वाटेवर उभे राहा. ग्वाल्हेरची चांदीची आगगाडी जरूर दाखवा, पण त्याआधी हा घोडा दाखवा.